गाण्यांच्या मधलं बोलणं

४ फेब्रुवारी

दुकानात आज एक माणूस आला. चष्मा नको होता त्याला. काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "'दुसरी चावी'मध्ये मागे गाणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

माझ्या हातात गिऱ्हाइकाची फ्रेम. स्क्रू निसटला. गुडघे टेकून शोधावा लागला, आणि बरंच झालं, तोंड लपवायला जागा मिळाली! त्या रेकॉर्डचं नाव इतक्या वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्याची छोटी कंपनी आहे. सोल, जॅझ असल्या परदेशी वळणाच्या संगीताच्या जुन्या रेकॉर्ड शोधून पुन्हा काढतो. नव्या लोकांच्याही काढतो. भलता बडबड्या. मी मनात नाव ठेवलं — तबकडीवाला. म्हणे आमची रेकॉर्ड लोक कुठून कुठून शोधत असतात. आम्हाला तर तेव्हा ओळखीच्यांना फुकट वाटतानाही लाज वाटली होती. मूळ टेप त्याला जुन्या स्टुडिओवाल्याच्या माळ्यावर सापडल्या. आता फक्त आम्हा दोघी बहिणींचा होकार हवा.

"तुमच्या ताईंचा आवाज म्हणजे —" म्हणाला, आणि पुढे त्या बडबड्यालाही शब्द सुचेना.

मी सांगितलं नाही काही. काच पुसत राहिले. पुसलेलीच.

५ फेब्रुवारी

मला हवंय हे. निदान इथे तरी लिहिते. मला हवंय!

८ फेब्रुवारी

ताईकडे गेले. भावोजी जमिनीवर बसून खुर्चीच्या पायांना रबराच्या टोप्या बसवत होते. "ये," म्हणाले आणि पुन्हा खुर्चीखाली डोकं. बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले तरी काहीतरी उलटं पाडून दुरुस्त केल्याशिवाय चैन नाही. माझ्याशी 'ये' आणि 'निघालीस?' एवढंच बोलतात. त्यांच्या लग्नापासून एवढंच.

ताई ओट्याशी. गळ्याला फिका निळा रुमाल. गेल्या वर्षी कॅन्सरपायी तिचं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून गळ्यातल्या भोकातून श्वास घेते. नाक आता नुसतं शोभेला, असं तीच लिहिते. बोलायचं झालं की फोनवर टाइप करते आणि फोनमधली बाई बोलते. काय ती बाई! प्रत्येक वाक्य असं म्हणते जणू लिफ्टचा मजला सांगतेय. भाची म्हणते, "मावशी, आई रागावली की वाटतं आता दार बंद होणार."

मी सगळं सांगितलं. थोडं रंगवूनच सांगितलं.

ताईने हात पुसले, फोन घेतला. बाई म्हणाली, "नाही."

"ताई, ऐकून तर घे —"

ती टाइप करत राहिली. अशा वेळी समोरच्याने काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. तिच्या बोटांकडे बघावं तर घाई केल्यासारखं, भिंतीकडे बघावं तर लक्ष नसल्यासारखं.

"लोक ऐकतील," बाई म्हणाली. "वा वा करतील. मग विचारतील त्या बाई आता कुठे असतात. मग मला बघायला येतील. भोक बघायला."

"असं कोण —"

"आणि चिमे, तू कशाला एवढ्या उड्या मारतेस? तुझं त्यात ऊऽऽ आणि आऽऽ आहे."

फोनमधल्या बाईला ते ऊ-आ काही जमेना. दात दुखणाऱ्या माणसासारखा आवाज काढला तिने. एरवी दोघी पोट धरून हसलो असतो. मी हसलेही. ताईचं हसणं म्हणजे आता रुमाल दोनदा फडफडतो, बस्स. आज तोही हलला नाही.

निघताना भावोजी म्हणाले, "निघालीस?"

९ फेब्रुवारी

तबकडीवाल्याला फोन केला. का नाही म्हणाली तेही सांगितलं. मग म्हणाला, "त्यांनी नाही म्हटलं तर नाही. पण तुम्ही एकदा येऊन ऐकून जा. तुमचंही आहे की त्यात."

माझंही आहे की त्यात! कुणी म्हटलं नव्हतं असं.

१३ फेब्रुवारी

अर्धी सुट्टी टाकून गेले. खाली त्याचं दुकान, वर स्टुडिओ. जिन्यातसुद्धा रेकॉर्डांची खोकी. या महिन्यात निघालेल्या भिंतीला लावून ठेवलेल्या. कुणा तरुण पियानोवाल्याची पहिलीच, अगदी नवी कोरी. शेजारी एका ट्रम्पेटवाल्याची जुनी, नव्या कागदात. "नवं आणि जुनं मी एकाच फळीवर ठेवतो," म्हणाला. "ऐकणाऱ्याने कधी ऐकलं नसेल तर त्याला सगळं नवंच." पियानोवाल्याची लावलीही. चांगला वाजवतो. उजवा हात जरा घाबरट आहे.

वर रेकॉर्डिस्ट बाई. शांत, केस वर बांधलेले. तिने समजावलं — टेप जुन्या झाल्या की चिकट होतात. तशाच वाजवल्या तर वरचा थर खरवडून निघतो आणि त्याबरोबर गाणंही. म्हणून आधी मंद उष्णतेत शेकायच्या. खोलीत गरम प्लास्टिकचा वास होता. मग एकेकाचा आवाज वेगळा ऐकता येतो. तिने बटणं खाली ओढली — ड्रम गेला, बेस गेला, मी गेले. फक्त ताई उरली.

तिसरं गाणं. ताई चोवीस वर्षांची. मी काय लिहू! शेवटच्या कडव्यात ती जिथे सूर सोडून देते, अगदी पडणार म्हणेपर्यंत सोडते, आणि मग उचलते...

पण मला रडू आलं ते गाण्याने नाही. गाणं संपलं, टेप फिरत राहिली आणि ताई बोलली.

"अगं चिमे, श्वास कुठे घेतेस तू! ओळ संपू दे की, पळून चाललीय का ती?"

मग हसणं. मग ड्रमरला — "काय रे, जेवून आलायस वाटतं. जड वाजतंय." मग, "कुणीतरी खिडकी लावा, नाहीतर ती बस माझ्या गाण्यात येऊन थांबेल." मग, "माझं चुकलं, माझं चुकलं. छे, तुमचंच चुकलं!"

मी विसरले होते. तिचं गाणं नव्हते विसरले. तिचं बोलणं. एका वर्षात! ताईचं वाक्य मनात आणलं की आता लिफ्टवाली बाईच येते. जन्मभर जो आवाज उशाशी ऐकला तो पुसला गेला आणि मला कळलंसुद्धा नाही.

रेकॉर्डिस्ट बाईने पाणी दिलं. "असं पुष्कळ आहे," म्हणाली. "गाण्यांच्या मध्ये तुमच्या ताई गप्प बसतच नाहीत."

थोडं मागून घेतलं. फोनमध्ये आहे. कुणाला सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी

एका बाईंना चुकून दूरचा नंबर जवळच्या काचेत बसवून दिला. त्या म्हणाल्या, पायऱ्या वर येतात अंगावर. मला तर कालपासून येतायत.

१७ फेब्रुवारी

रेकॉर्डिस्ट बाईचा फोन. तिच्या ओळखीत एक वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टर आहेत. माणसाचं जुनं बोलणं पुरेसं आणि स्वच्छ मिळालं तर त्यावरून संगणकाला तो आवाज शिकवता येतो. मग टाइप केलं की तोच बोलतो. लिफ्टवाली बाई नाही. ताई!

फोन ठेवला. ताईला कसं सांगू? रेकॉर्डचं नाव काढलं तरी भडकेल. आधी भाचीला सांगते. ती शहाणी आहे.

१९ फेब्रुवारी

भाची घरी आली. ऐकवलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, आणि संपल्यावर म्हणाली, "परत." मग पुन्हा, "परत."

म्हणाली, "मावशी, आई एवढी आगाऊ होती?"

"अजून आहे."

"हो, पण ऐकू येत नाही ना."

तिने मागितलं. दिलं. नाही कसं म्हणणार, तिचीच आई.

२२ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं.

भाचीने घरी वाजवलं. ताई बाजारात गेली होती. भावोजींना बसवून ऐकवत होती. ताई पिशवी घेऊन दारात, आणि आतल्या खोलीत ताईच हसतेय.

मला बोलावणं आलं. गेले. ताई उभीच होती. फोन घेतला नाही, पाटी घेतली. ऑपरेशननंतर दवाखान्यात लिहायला आणलेली ती पाटी. खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलं —

मला न विचारता?

पुसलं. लिहिलं —

मी मेले का?

"ताई, मला वाटलं —"

पुसलं. आता अक्षरं वाकडी. तुला तुझी रेकॉर्ड हवी. म्हणून.

खोटं होतं का ते? सगळं खोटं नव्हतं. डॉक्टरांचं सांगायला तोंड उघडलं तर तिने दाराकडे हात केला. भाची रडत होती. भावोजी खाली बघत होते. आज 'निघालीस?'सुद्धा म्हणाले नाहीत.

२३ फेब्रुवारी

फोन उचलत नाही. म्हणजे मेसेज बघत नाही. तिने फोन उचलायचे दिवस गेले, हे मी अजून विसरते.

२६ फेब्रुवारी

काही नाही.

१ मार्च

हे लिहायलाच हवं.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. दार ढकलून भावोजी आले. मला वाटलं ताईला काही झालं. पण ते फ्रेमा बघत राहिले. एक उचलली, बायकांची, फुलाफुलांची. परत ठेवली.

"चष्मा हवाय?" मी विचारलं.

"नको. म्हणजे... ते वाजवलं होतं ना पोरीने. तिला पुसायला लावलं हिने. तुझ्याकडे आहे का अजून?"

डोळे तपासायच्या खोलीत बसवलं, तिथेच एक बरी खुर्ची आहे. दिवा बंद, समोर अक्षरांचा तक्ता उजळलेला. कानाला लावून दिलं. मी जायला निघाले तर हाताने थांब म्हणाले. मग तशीच उभी. त्या तक्त्याच्या उजेडात त्यांचा चेहरा बघितला आणि वाटलं, इतकी वर्षं मी या माणसाकडे नीट बघितलंच नाही.

संपल्यावर म्हणाले, "आमचं ठरलं तेव्हा अश्शी बोलायची. मला बोलायला लागायचंच नाही. मी आपला ऐकत बसायचो."

इतकी वर्षं मनात होतं ते माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तिला गाणं का सोडायला लावलंत?"

असे बघायला लागले की मीच दचकले. "मी? मी पहिल्या रांगेत बसायचो! रेकॉर्ड चालली नाही आणि हिने सोडलं. मी किती म्हटलं, गा. तर म्हणाली, तुम्हाला गाण्यातलं काय कळतं?" पुन्हा तक्त्याकडे बघितलं. "तेही खरंच होतं."

त्यांना डॉक्टरांचं सांगितलं. ऐकून घेतलं सगळं. आवाज कसा बनतो, किती दिवस लागतात, यंत्राबद्दल विचारावं तसे प्रश्न विचारले. मग म्हणाले, "मी बोलून बघतो. पण मला बोलायची सवय नाही."

जाताना दारात वळले. "निघतो," म्हणाले. आज मी म्हणायला हवं होतं, निघालात?

४ मार्च

तबकडीवाल्याचा उत्साह उतू चाललाय. मध्येच कुठे त्या बोलण्याच्या टेप त्यानेही ऐकल्या. आता त्याला गाण्यांपेक्षा तेच हवंय! "ताईंचं मन वळलं तर शेवटी हे सगळं घालू. गाणी काय, सगळेच देतात. लोकांना असलं फार आवडतं. हे जिवंत आहे!"

"ती जिवंत आहे," मी म्हटलं. "तिच्या घरी आहे."

ओशाळला. माणूस वाईट नाही. पण वाईट नसलेल्या माणसांचीच जास्त भीती वाटते, कारण त्यांना नाही म्हणताना आपला जीव तुटतो. मी नाही म्हटलं. मग म्हटलं, हे सगळंच राहू द्या. बोलणंही नको, गाणीही नको, रेकॉर्डही नको. बहीण गेली त्यापायी.

घरी आले. दार लावलं. खूप दिवसांनी ऊऽऽ म्हणून बघितलं. घसरला सूर.

९ मार्च

ताई त्याच्या दुकानात गेली! एकटी!

तबकडीवाल्याचाच फोन — "त्या इथे आल्यात, तुम्ही या." मी दुकान सहकाऱ्यावर टाकून धावत. ताई खोक्यांच्या मधोमध स्टुलावर बसलेली, रुमाल नीट बांधलेला, पर्स मांडीवर. समोर तो, शाळेतल्या मुलासारखा उभा. बाहेरच्यांसमोर ती फोनमधली बाई वापरत नाही. वहीवर लिहून ठेवलेलं होतं, घरूनच. त्याने ते मला वाचायला दिलं.

गाणी घ्या. काढा. माझं नाव घाला, फोटो तेव्हाचाच घाला. बोलणं माझं आहे. ते सगळं मला द्या आणि तुमच्याकडे एक शब्द ठेवू नका.

खाली, नंतर सुचल्यासारखं, तिरकं — चिमीचा आवाज जरा पुढे आणता येतो का बघा. तेव्हा फार मागे ठेवला होता.

मी वाचलं आणि तिच्याकडे बघितलं. ती पियानोवाल्याच्या नव्या रेकॉर्डचं कव्हर उलटंसुलटं करून बघत होती. मुद्दामच.

बाहेर पडल्यावर म्हटलं, "ताई, मला वाटलं तू आता कधीच..." तिने माझ्या दुकानातल्या कोटाची कॉलर सरळ केली. केली म्हणजे ओढलीच. मग माझा हात धरून चालायला लागली. रस्त्याच्या कडेने दोघी, न बोलता. ती बोलू शकत नाही म्हणून नाही. असंच.

भावोजींनी बोलून बघितलं असणार. बोलायची सवय नसलेला माणूस काय बोलला असेल कोण जाणे, पण जिंकला!

११ मार्च

आज बरं वाटतंय. भीतीच वाटते असं लिहायला.

२० मार्च

वाचा-उपचाराच्या डॉक्टर आज ताईकडे आल्या. बोलण्याच्या टेप ताईने स्वतःच त्यांना नेऊन दिल्या होत्या, आवाज तयार झालाय. आम्ही सगळे बसलो — भाची, मी, भावोजी. ताईच्या हातात फोन. परीक्षेला बसल्यासारखी तिची पाठ ताठ.

आधी तिने एकच शब्द टाइप केला.

"पाणी," ताई म्हणाली.

ताई म्हणाली! तोंड बंद, ओठ मिटलेले, आणि खोलीत ताई. भाची हसली आणि त्याच श्वासात रडायला लागली. पाणी कुणी आणलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही की तिला खरंच हवं असेल.

मग ताईने लिहिलं, "अहो, गॅस बंद केला का?"

भावोजी ताडकन उठले, आत गेले. गॅस बंदच होता. मी बघितलं होतं. तरी आतून आवाज आला, "केला, केला."

मग ती लिहीत गेली. मग आईची आठवण काढली. आई गेली ती सकाळ, दवाखान्याचा जिना, आपण दोघी किती थंडीत उभ्या होतो. सगळं त्याच आवाजात. पण तो आवाज हसत होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी खट्याळ वर जात होता. आई गेली, आणि वर. दवाखाना, आणि वर.

डॉक्टर म्हणाल्या, "टेपमध्ये त्या सगळीकडे हसतच बोलतायत. आवाज तेवढंच शिकला. जे तिथे नाही ते मी कुठून आणू?"

ताईने लिहिलं, "एवढी हसायचे मी?"

तेही हसत.

भावोजी उठून गॅलरीत गेले. भाची मागोमाग. ताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने काहीतरी बदललं आणि लिफ्टवाली बाई परत आली. "ही पोरगी फार बडबडते," बाई म्हणाली. "राहू दे तिला कपाटात."

मी केलं हे. मला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? एका बाईला तिचा आवाज आणून द्यायचा म्हणून निघाले, आणि आणलं काय, तर एक परकी पोर. तीही ताईच्याच घरात, ताईच्याच नावाने.

२४ मार्च

भाची म्हणाली, बाबा दुपारी एकटे असले की आईचा फोन कानाला लावून तो हसरा आवाज ऐकत बसतात. आईला माहीत आहे. आई त्या वेळी मुद्दाम फोन घरी ठेवून बाजारात जाते.

३ एप्रिल

आज रेकॉर्ड आली.

तबकडीवाल्याने संध्याकाळी दुकानातच सगळ्यांना बोलावलं होतं. पियानोवाल्याने आधी वाजवलं. समोर बसलं की कळतं, घाबरट नाही तो, थांबतो. थांबायला धीर लागतो. ट्रम्पेटवाल्याच्या जुन्या रेकॉर्डमधली एक बाजू वाजली. तो माणूस आता नाही, त्याचा मुलगा आला होता, डोळे मिटून ऐकत होता. मग आमची.

आधी वाटलं ताई यायची नाही. आली. गडद लाल रुमाल! भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. पहिल्या रांगेत बसले. सवयीने!

लोक खरंच बघत होते. तिला भीती होती तसेच. रुमालाकडे बघायचे आणि पटकन नजर वळवायचे. मला वाटलं उठेल. उठली नाही. एक मुलगी कव्हर पुढे करून सही मागायला आली, आणि रुमालाकडे सरळ बघून, नजर न चुकवता, म्हणाली, "दुखतं का?" ताईने मान हलवली — नाही. आणि सही केली, मोठ्ठी.

तिसरं गाणं लागलं. मी ताईच्या बाजूला होते म्हणून मला दिसलं. प्रत्येक ओळीच्या आधी तिचे खांदे वर जात होते. रेकॉर्डवरची ताई श्वास घेणार, त्याच्या आधी क्षणभर गळ्यावरचा रुमाल आत ओढला जात होता. ओळ चालू असेपर्यंत तो हलायचा नाही. ओळ संपली की सुटायचा. अख्खं गाणं. एकही श्वास चुकला नाही. ती गात होती! फक्त आवाज नव्हता.

शेवटच्या कडव्यात माझा आऽऽ आला. पुढे आणलाय त्यांनी. ताईने कोपराने ढोसलं मला.

टाळ्या झाल्या तेव्हा भावोजी उभे राहिले. एकटेच. मग सगळे.

६ एप्रिल

दुकानात सहकाऱ्याने रेकॉर्ड लावली, मालकांना विचारून. एक आजोबा नंबर तपासायला आले होते. मधेच म्हणाले, "ही मागे कोण गातेय?" मी म्हटलं, तक्त्याकडे बघा.

९ एप्रिल

सकाळी शटर वर करत होते. फोन वाजला. पडद्यावर ताईचं नाव. ताई फोन करत नाही, करणार कशी? घाबरून उचलला, भावोजी असतील.

"चिमे, मी बोलतेय." तोच, कपाटातला. चोवीस वर्षांचा, खट्याळ. मग शांतता. टाइप करत असणार.

"परत आलाय. फुप्फुसात. त्या रेकॉर्डवाल्याकडे गेले ना, त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. यांना नि पोरीला काल सांगितलं." पुन्हा शांतता. "हे लिहून द्यायचं नव्हतं मला. सांगायचं होतं."

शटर अर्धंच वर होतं. मी तिथेच पायरीवर बसले. म्हटलं, "सांग, ताई."